काकूंचा धुतलेला गहू

तुम्ही शेवटचं कधी एखाद्या दुकानात आपली वस्तू ठेवून, पाठ फिरवून, निर्धास्त निघून गेला होता?

आठवून बघा. घाई नाही. मला स्वतःला बराच वेळ लागला आणि शेवटी आठवली ती आमचीच चक्की. देवासला, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. महाराष्ट्रातून पाहुणे आले की ते तिला गिरणी म्हणतात, आम्ही चक्कीच म्हणतो. बायका डबा आणून ओट्यावर ठेवायच्या, आईला काय हवं ते सांगायच्या आणि भाजी आणायला निघून जायच्या. पोळ्यांचं बारीक, वरणाबरोबर खायच्या बाफल्यांचं जाडसर, कुणाचं थालीपिठाचं. परत येऊन डबा उचलायच्या. झाकण उघडून बघणारी एकही बाई मला आठवत नाही.

कुठल्या डब्यात काय हे कळावं म्हणून आई प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी टाकायची. ती चिठ्ठी बाबांच्या पत्रकांच्या पाठीवर लिहिलेली असायची. बाबा इथल्या एका कारखान्यात कामाला होते आणि युनियनची पत्रकं छापून आणायचं काम त्यांच्याकडे होतं. वाटून उरलेली पत्रकं घरी यायची. त्यांच्यावर मी अक्षरं गिरवली, त्यांच्या होड्या केल्या, त्यांच्यावर जेवलेही. शाळा हिंदी, घरात मराठी आणि डोक्यात पत्रकं. त्यामुळे अजूनही मी काही लिहायला बसले की पहिलं वाक्य ‘साथियो’ असंच येतं आणि ते खोडावं लागतं. बाबा गेले तरी त्यांची पत्रकं उरली. अर्ध्या मोहल्ल्याच्या पिठात ‘इन्किलाब’चा एक तुकडा जात होता आणि कुणाची हरकत नव्हती.

आमच्या मोहल्ल्यातल्या एक काकू वर्षातून एकदा वेगळं दळण आणायच्या. त्यांचे यजमान बाबांबरोबर कारखान्यात होते, पण सासर मूळ धारचं. संस्थानच्या दरबाराबरोबर महाराष्ट्रातून आलेलं जुनं घर. त्यांचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला धारच्या घरी वांग्याचं भरीत आणि रोडग्यांचा नैवेद्य असतो, आणि रोडग्यांचा गहू थोरल्या सुनेनं स्वतः धुवून वाळवायचा अशी त्यांची रीत. थोरली सून म्हणजे काकू. त्या गच्चीवर धुतलेलं धोतर अंथरून त्यावर गहू पसरायच्या आणि चिमण्या हाकलत दिवसभर शेजारी बसून राहायच्या. मग डब्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधून तो गहू सकाळी सगळ्यांच्या आधी आमच्याकडे आणायच्या.

आई त्यासाठी चक्कीचा दगड झाडायची. मग काकूंच्याच गव्हातला मूठभर आधी सोडायची, म्हणजे दगडाला चिकटलेलं आदल्या दिवशीचं पीठ त्याच्याबरोबर निघून जाईल. हे पहिलं पीठ कुणाला द्यायचं नाही. ते पितळीत काढून कोपऱ्यात ठेवायचं, दारावर गाय आली की तिला. त्यानंतर काकूंचा गहू. हे सगळं काकू समोर उभ्या राहून बघत नसत. त्या डबा ठेवून घरी जायच्या, धारला जायची पिशवी भरायला.

बाबांच्या मागे आईनं चक्की एकटीनं चालवली. मग दादा तिच्या हाताखाली आला आणि हळूहळू आई त्याच्या हाताखाली गेली. दादा वाईट माणूस नाही, हे मी इथेच सांगून ठेवते, कारण पुढे वाचताना तुम्हाला तसं वाटेल. तो मोबाइलवर धंद्याचे व्हिडिओ बघायचा. ग्राहकाचा वेळ वाचवा, असं त्यातले कोट घातलेले लोक सांगायचे. दादाला ते पटलं. डबे ओट्यावर तासन् तास पडून राहतात, कुणाचं आधी कुणाचं नंतर यावरून कुरबुर होते, प्रत्येकासाठी दगड सैल-घट्ट करावा लागतो. म्हणून त्यानं एक बोर्ड रंगवून आणला. ‘गेहूँ दीजिए, आटा लीजिए. रुकने की ज़रूरत नहीं.’

म्हणजे तुम्ही गहू आणायचा, तो मोजून मोठ्या पिंपात ओतायचा आणि तेवढंच तयार पीठ घेऊन निघायचं. पिंपातला गहू चांगला ठेवायचा, हा दादाचा शब्द होता. तो त्यानं पाळला. स्वतः मंडीत जाऊन भारीतला शरबती गहू आणायचा आणि त्यात मिसळायचा. आईच्या चिठ्ठ्या बंद झाल्या, कारण आता कुणाचा डबा वेगळा राहिलाच नव्हता.

सुरुवातीला मोहल्ल्यानं थट्टा केली.

“क्यों भिया, ये मेरे गेहूँ का आटा है कि पूरे मोहल्ले का?”

“मोहल्ले का है काकी,” दादा म्हणायचा, “एकता बढ़ेगी.”

“एकता का तो ठीक है,” दुसरी एक बाई म्हणाली आणि माझ्या आईकडे बघून मराठीवर आली, “पण सगळ्यांच्या पोळ्या सारख्याच झाल्या तर सासूनं नावं कुणाला ठेवायची?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. मी तेव्हा सुट्टीला घरी आले होते. मी धारला एका संस्थेत काम करते. निसरपूरकडून धरणानं उठवलेले लोक येतात, त्यांचे अर्ज आणि निवेदनं लिहून द्यायची. माझ्या डोळ्यांना फक्त मोठे अन्याय दिसायचे. पत्रकावर वाढलेल्या माणसाचं असं होतं. शत्रू उंच लागतो, त्याला कमानीचं फाटक आणि चौकीदार लागतो. घरच्या ओट्यावर टांगलेला रंगीत बोर्ड त्यात बसत नव्हता.

आईनं मात्र दादाला त्याच दिवशी विचारलं होतं, मी समोर होते.

“काकूंच्या धुतलेल्या गव्हाचं काय?”

“आई, एकाला सूट दिली की दहा जण मागतात.”

“दहा जण गहू धुतात का?”

दादा काही बोलला नाही. आईनं त्याचा अर्थ होकार असा घेतला. तिनं काकूंना घरी जाऊन सांगितलंसुद्धा, “तुमचं मी वेगळं दळते हो, त्या बोर्डाकडे बघू नका.” काकू म्हणाल्या, “मी कुठं बघते.”

त्या वर्षी चंपाषष्ठीच्या आधीच आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, इंदूरला. मावशीकडे मुक्काम करून ती दुसऱ्या दिवशी येणार होती. ज्या सकाळी ती तिकडे दवाखान्यात होती, त्याच सकाळी काकूंनी फडकं बांधलेला डबा आमच्या ओट्यावर ठेवला. “आईचं ठाऊक आहे ना?” एवढंच त्यांनी दादाला विचारलं. दादा म्हणाला, “हो हो, ठाऊक आहे.” त्याला वाटलं, ऑपरेशनचं विचारतायत. काकू पिशवी भरायला गेल्या. परत आल्या तेव्हा डबा तयार होता, फडकंही पुन्हा नीट बांधलेलं. तो घेऊन त्या दुपारच्या बसनं धारला गेल्या.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन चंपाषष्ठीला, आई मावशीच्या गाडीतून सकाळी लवकर देवासला पोचली. एका डोळ्यावर पट्टी. आल्या आल्या ती चक्कीच्या कोपऱ्यात गेली आणि पितळी उचलली. पितळी रिकामी होती.

“गाईचं पीठ कुठंय?” तिनं विचारलं.

“कसलं गाईचं?” दादा म्हणाला.

हे मला आईनं फोनवर सांगितलं. ती रडत नव्हती. ती भाजीची यादी सांगावी तशी सांगत होती. “त्यानं काकूंचा गहू पिंपात ओतला. पिंपातल्या गव्हाचं पीठ दिलं. तू धारला आहेस. जा आणि सांग. नैवेद्य दाखवायच्या आधी जा.”

“फोन करू का त्यांना?”

“त्या सोवळ्यात असतील, फोन घेणार नाहीत. आणि ही फोनवर सांगायची गोष्ट आहे का? मी आले असते. डॉक्टर बसमध्ये बसू नको म्हणतात.”

मी चप्पल घालते तोवर दादाचा फोन आला.

“सांगू नकोस.”

“का?”

“अगं, मी काकूंना शरबती दिलाय. त्यांचा गहू जाडाभरडा होता, खडे निवडून निवडून दमल्या असतील. त्यांचं नुकसान कुठं झालं? फायदाच झाला. तू सांगशील, मग त्या दुखावतील, मग चार जणींना सांगतील. कुणाला कळणार नाही गं. गहू तो गहू.”

“तू त्यांना विचारलं होतंस?”

“विचारायचं काय त्यात? बोर्ड लावलाय.”

मी फोन ठेवला. मला राग यायला हवा होता. निवेदनं लिहिताना मला इतका राग येतो की पेन कागदातून आरपार जातं. त्या सकाळी काही आलं नाही. पाय चालत होते. रस्त्यात कुणीतरी कचोरी तळत होतं, त्याचा वास येत होता आणि मला तो नुसताच कळत होता.

काकूंचं धारचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे अंगण. पुढचा गाळा मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्यानं दिलेला. अंगणात गोवऱ्यांचा विस्तव होता. वांगी भाजून झाली होती, त्यांची काळी सालं परातीत पडली होती. रोडगे निखाऱ्यात होते. काकू ओल्या नऊवारीत विस्तवाजवळ बसून चिमट्यानं एकेक उलटत होत्या. त्यांच्या धाकट्या जाऊबाई मिरच्या ठेचत होत्या.

“अगं, तू? ये. लांबच बस हं, सोवळ्यात आहे मी,” काकू म्हणाल्या. “आईचा डोळा कसा आहे?”

“बरा आहे. काकू, ते पीठ तुमच्या गव्हाचं नाही.”

मी एवढंच बोलले. पत्रक लिहिणाऱ्या मुलीला प्रस्तावना करता आली नाही. मग मी बाकीचं सांगितलं. पिंप, बोर्ड, रिकामी पितळी.

काकूंनी हातातला रोडगा उलटला. मग दुसरा उलटला. मग चिमटा खाली ठेवला.

“नक्की?”

“नक्की. आईनं बघितलं.”

“अहो जाऊबाई, त्यात काय एवढं,” धाकट्या जाऊबाई म्हणाल्या. “गहूच आहे ना? ज्वारी तर नाही दिली? देव काय भिंग घेऊन बसलाय दाणे तपासायला?”

“देवाचं नाही हो,” काकू म्हणाल्या. “मी गच्चीत बसून राखलेला गहू तो. मी घरात सगळ्यांना सांगितलंय, माझ्या हातचा आहे म्हणून. आता काय सांगू? कुणाच्या हातचा?”

 मोबाइलवाल्याच्या गाळ्यातून एका फोनची रिंग सारखी वाजत होती, तो बहुधा तपासत होता.

काकू उठल्या. भात टाकला. त्या वर्षी खंडोबाला भरीत आणि भात दाखवला. तळी उचलताना पुरुषांनी नेहमीसारखा येळकोट केला, भंडारा उधळला. कुणीतरी आतून विचारलं, “रोडगे नाहीत का यंदा?” काकू म्हणाल्या, “यंदा भात.” त्यांनी कारण सांगितलं नाही. आमचं नाव घेतलं नाही. मला जेवायला थांबवून घेतलं आणि ते रोडगे आम्ही सगळ्यांनी तूप घालून खाल्ले. ते फार चांगले झाले होते. शरबतीचे होते.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. “आईला ठाऊक नव्हतं ना?”

“नाही.”

“मग बरं.” मग थांबून म्हणाल्या, “आणि दादाला?”

मी म्हटलं, “त्यानं नियम पाळला.”

काकूंनी मान हलवली. हळदीचा एक पिवळा ठिपका त्यांच्या भुवईवर होता, तो त्यांनी पुसला नाही.

यानंतर खरं तर काही घडलं नाही. काकूंनी मोहल्ल्यात चकार शब्द काढला नाही. आईची पट्टी निघाल्यावर ती त्यांच्या घरी गेली, पाया पडली. काकूंनी तिला उठवलं, चहा दिला. “अहो, तुमची काय चूक त्यात. असं मनाला लावून घेऊ नका.” आई परत आली तेव्हा तिचा चेहरा जरा मोकळा झाल्यासारखा होता, असं दादा म्हणतो.

काही दिवसांनी काकू रोजचा गहू घेऊन आल्या. डबा ठेवला आणि गेल्या नाहीत. ओट्यावर बसल्या.

“काकू, तुम्ही जा, मी करून ठेवते,” आई म्हणाली.

“असू दे. समोरच दळा. घरी तरी काय काम आहे?”

त्या गोड बोलल्या. आईनं दळलं. काकू बघत राहिल्या. पीठ डब्यात पडेपर्यंत त्यांची नजर डब्यावरून हलली नाही. मग डबा उचलून, “येते हं,” म्हणून गेल्या.

पुढच्या वेळी त्यांच्या शेजारणीनं विचारलं, “आप बैठी हो?” आणि तीही बसली. काकू बसतात म्हणजे बसायला काहीतरी कारण असणार. मोहल्ल्याला एवढं पुरलं. कुणी काही विचारलं नाही, कुणी भांडलं नाही. बाजारात जाणं हळूहळू बंद झालं आणि ओटा भरत गेला. काही जणी यायच्याच थांबल्या. त्या आता बांधलेल्या पाकिटातलं पीठ आणतात, ज्यात कुणाचा गहू आहे हे तर कुणालाच ठाऊक नसतं.

दादानं बोर्ड काढला. पिंप विकून टाकलं. आईला चिठ्ठ्या परत सुरू कर म्हणाला. पत्रकं अजून होती, आईनं ती पुन्हा फाडायला घेतली. दगड पुन्हा प्रत्येकासाठी सैल-घट्ट होऊ लागला. सगळं अगदी पहिल्यासारखं झालं आणि ओट्यावरच्या बायका बसूनच राहिल्या.

मी मध्ये घरी गेले होते. दादा गल्ल्यामागे बसला होता. तो हळू आवाजात म्हणाला, “एकीनं तरी तक्रार केली का? तू सांग. एकीनं येऊन म्हटलं का, बाबा रे, हे चुकलं? मी त्याच दिवशी बंद केलं असतं. आता सगळं परत केलं ना मी? मग या बसतात का?”

माझ्याकडे उत्तर होतं. मला त्याला खूप काही सुनावता आलं असतं, ते सगळं मला पाठ आहे. भरवसा पिंपात ओतता येत नाही वगैरे.  त्याच्या कपाळाला पीठ लागलं होतं. तो म्हणत होता ते खरंही होतं. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या बोर्डानं कुणाला विचारलं नव्हतं आणि बायकांनी त्याला काही सांगितलं नव्हतं. दोन्हीकडून गप्प राहून ओटा भरला होता.

आई दळत होती. तिचा डोळा आता छान झालाय. लांबचं स्पष्ट दिसतं म्हणते. दळण थांबवून ती पाणी प्यायला आत आली तेव्हा मी विचारलं, “कसं दिसतं गं आता?”

“चांगलं दिसतं,” ती म्हणाली. “पूर्वी मला त्यांचे चेहरे धूसर दिसायचे. आता दिसतं, त्या माझ्या हातांकडे बघतात.”

तिनं फुलपात्र पालथं घातलं आणि बाहेर गेली. तिनं हे रागानं म्हटलं नाही, दुःखानंही नाही. मलाही ऐकून काही झालं नाही. आमच्या घरात आता असंच आहे. चक्की चालू असते आणि आवाजात बाकी काही ऐकू येत नाही.

या वर्षी काकूंनी धुतलेला गहू आणला नाही. धारला त्यांच्या जाऊबाईंकडे घरगुती चक्की आली आहे, पेटीसारखी, स्वयंपाकघरात मावणारी. तिच्यावर दळला म्हणे. मला रोडग्यांना बोलावलं होतं. गेले. काकूंनी मला वाढताना म्हटलं, “हे आमच्याच गव्हाचे हं.” त्या हसून म्हणाल्या आणि त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

आता तुमच्याशी बोलते, कारण पत्रक शेवटी वाचणाऱ्याकडे काहीतरी मागतं आणि मला दुसरं लिहिता येत नाही. तुमचं दुकान असेल तर नवा बोर्ड टांगण्याआधी तो नियम ज्याला सगळ्यात जास्त टोचेल, त्या एका गिऱ्हाइकाच्या घरी जा आणि त्याला तोंडानं विचारा. पण मला खरं मागायचंय ते बाकीच्यांकडे. तुमच्या ओळखीची एखादी चक्की असेल, शिंपी असेल, सोनार असेल, ज्याच्याकडे तुम्ही पूर्वी डोळे मिटून वस्तू टाकायचात आणि आता समोर बसून राहता, किंवा जाणंच सोडलंत. उद्या त्याच्याकडे जा. भांडायला नको. फक्त काय झालं आणि तुम्ही का बसता, हे त्याला एकदा सांगा. त्याला अजून ठाऊक नाही.